वही किती हातांत? इथेरियम, पॉलिगॉन आणि आपली मुंबई

एप्रिल २०२४ मध्ये ‘मुंबई’ बंद पडली. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही, कारण लोकल चालू होत्या, दादरच्या पुलावर गर्दी होती, लालबागला मसाल्याच्या डंकी धडधडत होत्या. बंद पडली ती पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनची सरावाची वही. तिचं नाव होतं ‘मुंबई’.

ब्लॉकचेनवाल्यांची ही एक जुनी रीत आहे. खऱ्या वहीवर प्रयोग करून चालत नाही, म्हणून खोट्या पैशाची एक सरावाची वही ठेवतात आणि तिला स्टेशनचं किंवा गावाचं नाव देतात. इथेरियमच्या सरावाच्या वह्या म्हणजे रॉपस्टेन आणि रिंकेबी, ही स्टॉकहोमची मेट्रो स्टेशनं. कोवान, हे सिंगापूरचं. गोएर्ली, हे बर्लिनचं. पॉलिगॉन सुरू करणारी मंडळी भारतीय, तेव्हा त्यांनी नाव दिलं मुंबई. बंद का झाली? तर ही ‘मुंबई’ बर्लिनच्या ‘गोएर्ली’ला बांधलेली होती. गोएर्ली बंद करायचं ठरलं, तशी मुंबईही गेली. एक वही दुसरीला बांधलेली असणं म्हणजे काय, आणि त्यात कोण कोणावर अवलंबून, हाच आजचा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, परळमध्ये बसून या संगणकी वह्यांशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्या मते फार जवळचा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, ते आम्ही सांगत बसत नाही. सांगायचं आहे ते त्यानंतरच्या कागदांचं. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरं बांधायची ठरली, म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. त्या घरावर हक्क सांगायचा तर १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, हे सिद्ध करावं लागतं. कशानं? गिरणीचा पास, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी. तीस वर्षांनी. ज्यांची खोली गेली, जे गावी सातारा-रत्नागिरीला परतले, ज्यांची पेटी पावसात भिजली, त्यांनी काय दाखवायचं? मस्टर होता गिरणीच्या कचेरीत. गिरणी बंद, कचेरी बंद. वही एकाच हातात होती आणि तो हातच उरला नाही.

एकाच हातातली वही म्हणजे काय, हे या भागाला कुणी समजावून सांगायला नको. आता याच्या उलट टोकाची वही बघू. तीही आपल्याकडेच आहे.

भिशी. गिरगावातल्या चाळीत बारा बायका, महिन्याला ठरलेली रक्कम, सगळ्यांसमोर चिठ्ठी निघते. पैसे कुणाला गेले, कुणाचे राहिले, हे बाराच्या बारा जणींना तोंडपाठ. हिशेबाची चिठ्ठी हरवली तरी बिघडत नाही, कारण वही प्रत्येकीच्या डोक्यात आहे. कुणी म्हणाली, ‘मी मागच्या महिन्यात भरले होते,’ आणि भरलेले नसले, तर अकरा तोंडं एकदम उघडतात. ब्लॉकचेनची मूळ कल्पना एवढीच आहे. वही सगळ्यांकडे, प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाचा ठसा, म्हणजे मागचं एक अक्षर बदललं तर पुढची सगळी पानं बिघडतात आणि लबाडी उघडी पडते.

पण बाराच्या जागी पाचशे जणी झाल्या तर? एका खोलीत मावत नाहीत, सगळ्यांना एका वेळी जमता येत नाही, हिशेब लक्षात राहत नाही. मग दोनच वाटा राहतात. एक तर सगळ्यांना धरून ठेवा आणि संथ चाला. नाहीतर पाच विश्वासू बायका निवडा, त्यांच्या हाती वही द्या आणि झटपट उरका. चिट फंड कंपन्या दुसऱ्या वाटेनं गेल्या. त्यांत काहींचं भलं झालं, काहींचे पैसे बुडाले, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. इथेरियम पहिल्या वाटेनं निघालं. पॉलिगॉन दुसऱ्या.

इथेरियमची कल्पना विटालिक ब्युटेरिननं २०१३ च्या शेवटी मांडली, आणि ३० जुलै २०१५ ला ती वही सुरू झाली. बिटकॉइनची वही मुख्यतः कुणी कुणाला किती दिले एवढंच लिहिते. इथेरियमच्या वहीत करारही लिहिता येतात: अमुक घडलं तर तमुकला पैसे जावेत, आणि ते करार वहीच पार पाडते. कल्पना भारी. अडचण अशी की जगभरच्या प्रत्येक प्रतीत प्रत्येक व्यवहार पुन्हा तपासला जातो. म्हणून अनेक वर्षं या वहीचा वेग सेकंदाला पंधराच्या आसपास व्यवहार एवढाच राहिला. पंधरा! चर्चगेटला एका गाडीतून उतरणारी माणसं डोळ्यांपुढे आणा म्हणजे आकड्याचा अंदाज येईल. २०१७ च्या शेवटी क्रिप्टोकिटीज नावाचा मांजरांची चित्रं विकण्याचा खेळ निघाला आणि त्या मांजरांनी सगळी वही तुंबवली. मे २०२१ मध्ये तर एक व्यवहार नोंदवायला हजारो रुपये फी पडत होती. जागा थोडी, गिऱ्हाइकं फार, मग लिलाव होतो. पागडीच्या गावात राहणाऱ्यांना हे नवीन नाही.

इथं एक साधा प्रश्न येतो, आणि तो बरोबर प्रश्न आहे: पानं मोठी का करत नाहीत? एका पानावर कितीतरी जास्त नोंदी घाला! तसं केलं तर वही जाड होते. जाड वही ठेवायला मोठं यंत्र लागतं, चांगलं इंटरनेट लागतं. आज घरच्या साध्या संगणकावर इथेरियमची प्रत ठेवता येते, मोठी डिस्क घेतली की झालं. ती फक्त मोठ्या कंपन्यांनाच परवडू लागली, तर बारा बायकांतल्या दहा जणी उठून जातील आणि दोघींच्या हाती वही राहील. म्हणजे वेग वाढवताना हात कमी होतात. सुरक्षितता, वेग आणि अनेक हात या तिन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत, याला ब्युटेरिननं तिहेरी पेच म्हटलं. आपले डबेवाले म्हणतील, आम्ही साधतो की. खरं आहे, पण डबेवाल्यांच्या प्रत्येक गटाचा हिशेब त्या गटापुरता असतो. दादरच्या गटाला विरारच्या गटाचा जमाखर्च तपासावा लागत नाही. इथेरियमवर सगळ्यांना सगळ्यांचा तपासावा लागतो.

आता पॉलिगॉन. २०१७ साली जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी मॅटिक नेटवर्क सुरू केलं. २०२० च्या मध्यावर वही खुली झाली, फेब्रुवारी २०२१ मध्ये नाव पॉलिगॉन झालं. रचना अशी: व्हॅलिडेटर, म्हणजे पानावर सही करणारे, यांच्या जागा मर्यादित, शंभराच्या थोड्या वर. नवं पान दोनेक सेकंदांत तयार. फी पैशांमध्ये मोजावी इतकी. आणि ठरावीक वेळानं गेल्या काही पानांचा मिळून एक ठसा इथेरियमच्या वहीत नोंदवायचा. स्वतःची वही लहान गटाकडे, पण मोठ्या गटाच्या वहीत खूण टाकून ठेवायची. चतुर व्यवस्था आहे.

पण इथं एक बारकावा आहे, आणि जाहिरातीत तो कधी येत नाही, म्हणून आम्ही तो जरा रेंगाळून सांगतो. तो ठसा नोंदवताना इथेरियम काय तपासतं? पॉलिगॉनच्या दोन-तृतीयांशांहून जास्त भागीदारीच्या सह्या आहेत का, एवढंच. पानांवरच्या नोंदी खऱ्या की खोट्या, हे इथेरियमला दिसत नाही. उद्या त्या शंभरांतल्या बड्या मंडळींनी संगनमत केलं, तर खोट्या पानाचा ठसाही इथेरियमच्या वहीत रीतसर नोंदला जाईल. नोटरीचा शिक्का असतो ना, तसं. सही कुणाची हे नोटरी सांगतो, मजकूर खरा की खोटा हे सांगत नाही. ‘आमची सुरक्षितता इथेरियमची आहे’ असं वाक्य कानावर आलं तर हा नोटरी आठवा. अलीकडच्या काळात रोलअप नावाची तिसरी पद्धत पुढे आली आहे, तिच्यात नोंदीही इथेरियमवर जातात आणि हिशेबाची खातरजमा इथेरियमच करतं. ती खरोखरच वेगळी गोष्ट आहे. आज आपण तिच्यात शिरत नाही.

आकड्यांनी तुलना लगेच होते. इथेरियमवर २०२४ पर्यंत दहा लाखांच्या आसपास व्हॅलिडेटर, पॉलिगॉनवर शंभरावर थोडे. दहा हजार पट! पण थांबा. इथेरियमचा एक व्हॅलिडेटर म्हणजे किमान ३२ ईथर अनामत ठेवलेली एक जागा, एक माणूस नव्हे. एकच संस्था हजारो जागा चालवते. लिडो नावाच्या एकाच व्यवस्थेतून २०२४ मध्ये सगळ्या अनामतीचा पाव हिस्सा आणि त्याहूनही जास्त गेलेला होता. शिवाय नोव्हेंबर २०२० मध्ये इन्फ्युरा नावाची एक सेवा काही तास बंद पडली, तेव्हा जगभरच्या कित्येक लोकांना इथेरियमच बंद आहे असं वाटलं. वही चालू होती, पण वहीपर्यंत जायचा दरवाजा बहुतेकांनी एकच धरला होता. तेव्हा नुसते आकडे बघून निकाल देऊ नये. चाळीत खोल्या शंभर असतात, पण मालक किती, ते वेगळं विचारावं लागतं.

आमच्या मते वही किती हातांत आहे हे मोजण्याची खरी जागा म्हणजे संकट. दोन्ही वह्यांवर संकट आलं, आणि सुदैवानं दोन्हींचा इतिहास नोंदलेला आहे.

पहिलं संकट जून २०१६ चं. ‘द डाओ’ नावाच्या सामायिक निधीत लोकांनी दहा लाखांहून अधिक, खरं तर कोटीच्या वर ईथर जमा केले होते. १७ जूनला कराराच्या मजकुरातली चूक हेरून कुणीतरी ३६ लाख ईथर वळवून घेतले. कराराच्याच नियमांमुळे ते लगेच बाहेर काढता येत नव्हते, म्हणून साधारण महिनाभर मुदत मिळाली. तो महिना भांडणात गेला. वही मागे फिरवायची का? एक बाजू म्हणे, चोरी ती चोरी. दुसरी म्हणे, आज चोरासाठी पान बदललंत, उद्या सरकारच्या सांगण्यावरून बदलाल. मतदानही घेतलं, त्यात भाग घेणारे थोडेच निघाले. शेवटी २० जुलैला बहुतेकांनी नवी, दुरुस्त वही स्वीकारली. पण सगळ्यांनी नाही. काहींनी जुनी वही तशीच पुढे चालवली, तिचं नाव इथेरियम क्लासिक, ती आजही चालू आहे. म्हणजे ज्याला पटलं नाही त्याला उठून जाता आलं, आणि जाताना वही घेऊन जाता आली. आपल्याकडे संघटना फुटतात तेव्हा दप्तर आणि कार्यालयाची किल्ली कुणाकडे यावरून कोर्टकचेऱ्या होतात. इथं दप्तर दोघांकडेही पूर्ण होतं.

दुसरं संकट डिसेंबर २०२१ चं, पॉलिगॉनचं. ३ डिसेंबरला एका भल्या हॅकरनं कळवलं की मूळ करारात मोठं भगदाड आहे. किती मोठं? एकूण १००० कोटी मॅटिकपैकी सुमारे ९२७ कोटी मॅटिक कुणीही उचलू शकेल एवढं. ५ डिसेंबरला, म्हणजे दोन दिवसांत, व्हॅलिडेटरांनी नवी आवृत्ती बसवली आणि भगदाड बुजलं. मधल्या वेळात ८ लाखांच्या वर मॅटिक चोरीला गेलेच. काय झालं ते जाहीर केलं २९ डिसेंबरला. तीन आठवडे सर्वसामान्य वापरणाऱ्याला पत्ता नव्हता की वहीचे नियम बदलले, आणि का बदलले.

आता याला नावं ठेवायची का? आम्हाला विचाराल तर घाईला नाही. आग लागल्यावर सर्वसाधारण सभा बोलवत नाहीत. महिनाभर चर्चा केली असती तर त्यांच्याकडे वाचवायला काही उरलं नसतं. खरी माहिती मिळते ती पुढच्या गोष्टीतून: दोन दिवसांत, गाजावाजा न करता, सगळ्या वहीचे नियम बदलता येतात, एवढ्या थोड्या लोकांना फोन लावावे लागतात. आणि जे भल्यासाठी दोन दिवसांत करता येतं ते दुसऱ्या कशासाठीही दोन दिवसांत करता येतं. त्याच वर्षी आणखी एक मुद्दा चर्चेत आला होता. पॉलिगॉनचे महत्त्वाचे करार बदलायला आठांपैकी पाच सह्या पुरत, आणि त्या आठांत चार संस्थापकच होते. हजारो कोटींची वही, पाच सह्या. गृहनिर्माण सोसायटीच्या चेकलाही एकाहून जास्त लागतात, हे सहज आठवलं म्हणून सांगितलं.

संकटाचा आणखी एक प्रकार म्हणजे नुसतं बंद पडणं. मार्च २०२२ मध्ये आवृत्ती बदलताना पॉलिगॉनच्या व्हॅलिडेटरांचं एकमत होईना आणि वही जवळपास ११ तास थांबली. मे २०२३ मध्ये इथेरियमवरही पानं ‘पक्की’ होणं दोनदा खोळंबलं, एकदा काही मिनिटं, एकदा तासाभराच्या वर. पण नवी पानं येत राहिली, कारण तिथले लोक वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेली वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरतात. एकाला ताप आला म्हणून सगळे झोपले नाहीत. इथेरियमचा संथपणा हा याच गोष्टीचा खर्च आहे, असं आम्हाला वाटतं.

आता पुन्हा कागदांकडे येऊ, कारण आपल्या सरकारनं या दोन्ही वह्या वापरून पाहिल्या आहेत. २०२१ साली महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास मंडळानं पदविका प्रमाणपत्रांची नोंद इथेरियमवर ठेवायला सुरुवात केली, बनावट प्रमाणपत्रं ओळखता यावीत म्हणून. पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागातले ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचं ठरलं. हो, पॉलिगॉनची वही ११ तास थांबली होती, तोच महिना.

एटापल्लीचं महत्त्व लक्षात घ्या. माडिया गोंडांचा भाग, नक्षलग्रस्त राहिलेला, पावसाळ्यात गावांचा रस्ता तुटतो. तिथल्या मुलाला शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी, नोकरीसाठी जातीचा दाखला लागतो, आणि दुसरीकडे खोटे दाखले काढून त्याच जागा बळकावणारे आहेत. दाखला एकदा निघाला की चाळीस वर्षं टिकला पाहिजे, आणि कुणालाही तपासता आला पाहिजे. अशा कामाला कोणती वही?

पॉलिगॉन घेण्याचं कारण उघड आहे. ६५,००० नोंदी इथेरियमवर एकेक करून घातल्या असत्या तर फीचा आकडा ऐकून कुठल्याही खात्यानं फाईल बंद केली असती. पॉलिगॉनवर तेच काम किरकोळ खर्चात होतं. आणि ११ तासांच्या बंदनं दाखल्याचं काहीही बिघडत नाही. दाखला रात्री दोन वाजता कोण तपासतो? पण याच कारणानं पॉलिगॉनचा वेगही त्या दाखल्याच्या उपयोगाचा नाही. दाखल्याला दोन सेकंदांची घाई नाही, त्याला चाळीस वर्षं काढायची आहेत. आणि चाळीस वर्षांनी वही सांभाळणारं कुणी असेल का, हा प्रश्न विचारला की शंभर हातांपेक्षा लाखभर हात बरे वाटायला लागतात.

खर्चाला वेगळी तोडही आहे, आणि ती जुनी आहे. ६५,००० दाखल्यांचे ठसे दोन-दोन करून एकत्र करायचे, मग त्या जोड्यांचे, मग त्या जोड्यांच्या जोड्यांचे, असं करत शेवटी एकच ठसा उरतो. तेवढा एक ठसा इथेरियमवर नोंदवायचा, फी एका नोंदीची. प्रत्येक दाखल्यासोबत सोळा छोट्या ठशांची साखळी द्यायची, तिच्यावरून तो दाखला त्या गठ्ठ्यात होता हे कुणालाही पडताळता येतं. याला मर्कल झाड म्हणतात, राल्फ मर्कल यांच्या नावावरून, कल्पना १९७९ ची. यात तोटा असा की साखळी जपायची जबाबदारी दाखलाधारकावर येते, म्हणजे पुन्हा पेटी आणि पाऊस. ती साखळी कागदावर क्यूआर कोडमध्ये छापता येते, एवढं मात्र आहे. आम्ही सरकारी सल्लागार असतो तर हे सुचवलं असतं. रोजच्या चहाच्या पैशांसाठी मात्र पॉलिगॉनच बरं, तिथं आमचं काही म्हणणं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे, ती वाचतो: ‘गिरणीचा मस्टर इथेरियमवर असता तर आमच्या वडिलांना घर मिळालं असतं का?’

वडील कायम कामगार होते का बदली, यावर ते अवलंबून आहे. कायम असतील तर मस्टरवर त्यांचं नाव आणि तिकीट नंबर होता. तो मस्टर अनेकांच्या हातात असता तर गिरणी बंद झाल्यावरही तो राहिला असता आणि त्यांना दारोदार फिरावं लागलं नसतं. बदली असतील तर गोष्ट वेगळी. बदलीवाला पहाटे गिरणीच्या फाटकावर उभा राहायचा, जागा रिकामी असली आणि जॉबरच्या मनात असलं तर आत जायचा, नाहीतर घरी. ज्या दिवशी तो आत गेला नाही त्या दिवसाची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. दहा वर्षं फाटकावर उभं राहिलेल्या माणसाच्या नावावर कागदोपत्री महिन्याचे मोजकेच दिवस लागत. नाव लिहायचं की नाही हे वहीवाल्यांनी ठरवलं नव्हतं, ते जॉबरनं ठरवलं होतं. पुढची चिठ्ठी?